बूट चावला म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या नोव्हेंबरात भाचा मुंबईहून आला आणि म्हणाला, "मामा, यंदा गाडी नको. किनाऱ्याने चालत जाऊ." आचऱ्याहून निघायचं, तोंडवळीच्या वाळूवरून तळाशीलच्या टोकापर्यंत, तिथून होडीने खाडी ओलांडून सर्जेकोट आणि मग मालवण. त्याच्या पायात चार दिवसांपूर्वी घेतलेले कोरे बूट, माझ्या पायात तीन पावसाळे बघितलेले. तोंडवळीच्या अलीकडे तो म्हणाला, "टाच जराशी चुरचुरतेय. पण चालेल, चल तू." मीही चाललो. तिथेच चुकलं.

तळाशीलला होडीची वाट बघताना त्याने मोजा उतरवला. डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा फोड टरारून फुगलेला, कडा लालबुंद. शेजारच्या अंगणात मासळी निवडत बसलेल्या एका काकूंनी मान वर केली. "बूट चावलो काय रे? थांब, सुयेत दोरो ओवून देतंय. आरपार काढ, पाणी आपसूक भायर येतला."

आपल्या भाषेत बूट चावतो, चप्पल चावते. जणू बाहेरून कुणीतरी येऊन कातडी कुरतडली. इतकी वर्षं मीही तसंच समजत होतो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की फोड वर घासून येत नाही, तो आत ओढाताण होऊन येतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की कुठला उपाय का चालतो आणि कुठला का फसतो, हे आपलं आपल्याला उलगडत जातं.

हे वाचताना एक करून बघा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट घट्ट टेकवा आणि घसरू न देता मागेपुढे हलवा. बोट एकाच जागी चिकटलेलं आहे, कातडी बोटाबरोबर सरकतेय आणि खालचं हाड जागेवर आहे. घासलं काहीच नाही. पण वरची कातडी आणि आतलं हाड यांच्यामधले थर ताणले गेले. बुटात हेच उलटं होतं. घामाने कातडी मोज्याला चिकटलेली, मोजा बुटाला चिकटलेला आणि प्रत्येक पावलाला आतलं टाचेचं हाड वरखाली हलतंय.

घरातली गोधडी आठवा. खालचा पदर गादीला धरून आहे, वरच्यावर तळहात दाबून तुम्ही मागेपुढे करताय. चार वेळा काही होणार नाही. चारशे वेळा केलंत तर वरचं कापड शाबूत राहील, खालचंही राहील, आणि मधले टाके उसवतील. त्वचेच्या बाहेरच्या थरातही मधल्या पेशींचे टाके असेच उसवतात. दोन पदर सुटे झाले की मधल्या पोकळीत खालून पाण्यासारखा द्रव पाझरतो. ती पोकळी भरायला तासाभरापासून दोनेक तास लागतात, म्हणून कित्येकदा चालताना नुसती आग होते आणि फोड दिसतो तो घरी येऊन चहा घेताना.

फोड टाचेवर, तळव्यावर, बोटांच्या टोकांशी किंवा कोयता-फावडं धरणाऱ्या तळहातावर येतो, मांडीवर येत नाही, त्याचंही कारण हेच. तळव्याची कातडी जाड आणि खालच्या थरांना घट्ट बांधलेली असते. वरचा थर फाटत नाही, त्यामुळे सगळा ताण मधल्या टाक्यांवर येतो. मांडीची कातडी पातळ, तिथे वरचाच थर सोलवटतो आणि आपण म्हणतो मांड्या लागल्या.

आता घामाचं. नोटा मोजताना आपण बोट जिभेला का लावतो? कोरडं बोट सटकतं, ओलसर बोट पकडतं. पायाचंही तसंच. अगदी कोरडी कातडी मोज्यावर सरकते, दमट कातडी चिकटते. चिंब भिजलेली पुन्हा थोडी सटकते खरी, पण तोवर ती भिजून पांढरी आणि मऊ पडलेली असते आणि टाके आणखी लवकर उसवतात. कोकणातली हवा नेमकी या मधल्या, चिकट अवस्थेत पाय ठेवते. घाटावर आलेला घाम वाऱ्याने उडून जातो. इथे ऑक्टोबरात मोजा सकाळी आठला जो ओला होतो तो संध्याकाळीच वाळतो. देशावरच्या मित्रांचे बिनफोडाचे बूट इथे येऊन चावू लागतात, त्यात बुटांचा दोष बहुतेक वेळा नसतो.

शिवाय इथली वाट एकसारखी नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने तासन्‌तास चाललं की समुद्राकडचा पाय बुटात बाहेरच्या अंगाला सरकत राहतो. त्या दिवशी आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, समुद्र उजव्या हाताला. भाच्याची डावी टाच गेली ती कोऱ्या बुटाच्या ताठ काठामुळे. माझ्या उजव्या करंगळीची बाजू मात्र लाल झाली होती, जुन्या बुटातही. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच रुतते आणि बुटातून उचलली जाते, म्हणून भरतीच्या रेषेखालची ओली, टणक वाळू धरून चालावं. पण फार खाली गेलात तर लाट बुटात येते. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभ्याचा खडबडीत कातळ, तिथे पाय सतत वाकडातिकडा पडतो. आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना पूर्ण भार पुढे येऊन बोटं बुटाच्या नाकावर आपटतात. चढताना टाच जाते, उतरताना बोटं. साधारण दहा किलोमीटर चाललं तर तेरा ते पंधरा हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक टाचेला सात हजारांच्या आसपास हिसके.

चुरचुर

टाके उसवायच्या आधी त्या जागेला ऊब येते आणि मग ती चुरचुरते. ही दहा-पंधरा मिनिटांची सवलत असते. या वेळात थांबून मोजा काढला तर जागा फक्त लालसर दिसते, कातडी अखंड असते. पाय पुसायचा, वाळू झटकायची, दोन मिनिटं वारा लागू द्यायचा, त्या जागेवर पट्टी लावायची, मोजा बदलायचा, नाडी पुन्हा बांधायची. सगळं मिळून पाच मिनिटं. ती वाचवायला जाऊन आम्ही पुढे मालवणपर्यंत दीड तास जास्त घालवला, कारण भाचा चवड्यावर लंगडत होता आणि त्यामुळे दुसऱ्या पायाची पोटरीही भरून आली.

चालणाऱ्यांच्या घोळक्यात अडचण पायाची नसते, संकोचाची असते. आपल्यामुळे सगळे खोळंबतील म्हणून कुणी बोलत नाही. मी आता निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम एक थांबा घेतो आणि सगळ्यांना मोजे काढायला लावतो. हसतात, पण काढतात.

पट्टी कुठली?

औषधाच्या दुकानात मायक्रोपोर नावाने पांढरी कागदी चिकटपट्टी मिळते, जखमेवरचं गॉझ धरून ठेवायला वापरतात ती. स्वस्त आहे, मालवणात मिळते तशी एखाद्या वाडीच्या नाक्यावरही मिळते. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटातल्या अडीचशे किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतींत धावणाऱ्यांच्या पायांवर अशीच कागदी पट्टी आधीपासून लावून पाहिली. २०१६ साली छापलेल्या निष्कर्षात फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसलं. त्याच मंडळींच्या आधीच्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, तेव्हा हिला जादू समजू नये. पण चार पैशांची वस्तू आहे आणि काढताना कातडी सोलत नाही. जाड कापडी चिकटपट्टी घट्ट बसते, मात्र फोड आलेल्या जागेवर ती थेट लावली की काढताना फोडाचं झाकणच घेऊन येते.

लावताना पाय कोरडा हवा. तेलकट किंवा खारट-ओल्या कातडीवर पट्टी अर्ध्या तासात गोळा होते आणि तो गोळाच मग चावतो. कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी टोकं मोज्यात अडकून उलटतात. सुरकुती राहू देऊ नका. ज्यांची जागा ठरलेली असते, कुणाची टाच, कुणाची करंगळी, त्यांनी ती घरूनच लावून निघावं.

आता तेलाचं बोलू, कारण आपल्याकडे सगळ्यावर खोबरेल. चालायच्या आधी पायाला तेल किंवा व्हॅसलीन चोपडलं की सुरुवातीला खरंच घर्षण कमी होतं. पण तासाभरानंतर ते कातडीत मुरतं, मोज्यात शोषलं जातं आणि मग कातडी आधीपेक्षा जास्त चिकट होते. म्हणजे तासाच्या फेरीला ठीक, दिवसभराच्या चालीला उलटं. पुन्हा पुन्हा लावत राहिलं तर चालतं. पण वाळूच्या किनाऱ्यावर तेल लावलेला पाय म्हणजे पॉलिश पेपरच. भिरंडेलाची, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाची, जागा वेगळी आहे. रात्री झोपताना कोमट करून टाचेच्या भेगांना चोळलं की घट्ट्याच्या कडा मऊ राहतात. घट्टा फार जाड झाला की त्याच्याखाली फोड येतो, आणि तो खोल, न दिसणारा आणि फार दुखरा असतो. म्हणून घट्टा घासून पातळ ठेवावा, पूर्ण काढू नये. तो तुमच्या पायाने स्वतःसाठी शिवलेला बूट आहे.

पावडरीने पाय कोरडा राहतो हा समज अर्ध्या तासापुरता खरा आहे. मग तिचा लगदा होऊन बोटांमध्ये गोळ्या होतात. घाम रोखणारी औषधं पायाला लावून पाहिली गेली आहेत. अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या, १९९८ साली छापलेल्या चाचणीत ॲल्युमिनियम क्लोराईड लावलेल्या कॅडेटांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. फायदा मोठा, पण लावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पायांची आग झाली. दोन दिवसांच्या भटकंतीसाठी मी हा व्यापार करणार नाही.

मोज्यांवर मात्र पैसे घाला. शाळेचे पांढरे सुती मोजे घाम पितात आणि धरून ठेवतात. नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा लोकरीमिश्रित मोजे घाम बाहेर ढकलतात. आत पातळ आणि वर जाड अशी जोडी घातली तर घसरायचं ते मोज्यावर मोजा घसरतो, कातडीची ओढाताण वाचते. गोधडीऐवजी दोन चादरी, इतकाच फरक. कोरडी जोडी पिशवीत ठेवा आणि खाडी किंवा ओढा ओलांडल्यावर लगेच बदला. ओली जोडी पाठपिशवीला बाहेर अडकवा, उन्हात वाळते.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय सुजलेला असतो तेव्हा. ज्या मोज्यांनी चालणार तेच घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. मग ते घालून बाजारात जा, बँकेत जा, देवळाच्या पाखाडीची चढउतार करा, दोनतीन आठवडे. नाडीला सर्वांत वर जे एक जादा भोक असतं आणि ज्यात कुणीच नाडी घालत नाही, ते टाचेसाठीच आहे. दोन्ही बाजूंना त्या भोकातून छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवा आणि खाली ओढा. घोटा पकडला जातो, टाच उचलत नाही. उतारावर हे केलं की बोटांचाही बचाव होतो, आणि निघण्याआधी नखं कापलेली असली तर आणखी.

आता फोड आलाच तर

तळाशीलला काकूंच्या सुई-दोऱ्याला मी नाही म्हटलं आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही. त्यांच्या सासऱ्यांपासून हेच चालत आलेलं. युक्ती हुशारीची आहे: दोरा वातीसारखा पाणी बाहेर ओढत राहतो. पण तोच दोरा बाहेरची घाण वातीसारखी आतही नेतो. अख्खा फोड म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेली निर्जंतुक पट्टी. ती फुटली नसेल तोवर जंतूंना दार नाही.

म्हणून फोड लहान असेल, दुखत नसेल, पुढे चालायचं नसेल तर त्याला हात लावू नये. फोमचा किंवा जाड पट्टीचा तुकडा घेऊन मध्ये फोडाएवढं भोक पाडायचं, मेदूवड्यासारखं, आणि फोड त्या भोकात येईल असा चिकटवायचा. दाब कडेवर जातो. पाणी आपोआप जिरतं, आणि खाली साधारण पाच दिवसांत नवी कातडी तयार होते.

भाच्याचा फोड मोठा होता, टाचेवर होता आणि मालवण अजून यायचं होतं. असा फोड बुटात आपोआप फुटून झाकणासकट सोलून निघणार, त्यापेक्षा आपण नीट फोडलेला बरा. हात साबणाने धुतले. फोड आणि भोवताल प्यायच्या पाण्याने धुऊन बेटाडीन लावलं. माझ्याकडे पाकीटबंद इंजेक्शनची कोरी सुई होती. औषधाच्या दुकानात पाचदहा रुपयांत मिळते आणि काडीपेटीवर काळी केलेल्या शिवणाच्या सुईपेक्षा कितीतरी बरी. फोडाच्या मध्यावर नाही, कडेला, खालच्या बाजूला, जमिनीला समांतर धरून दोन बारीक छिद्रं. आतली कातडी उसवलेलीच असते, त्यामुळे टोचलेलं कळतही नाही. वरून गॉझने हलकेच दाबलं, स्वच्छ पाण्यासारखा द्रव आला. झाकण कापलं नाही. ते झाकण खालच्या कोवळ्या कातडीवर परत बसलं तर आग कमी होते आणि जखम लवकर भरते. त्यावर न चिकटणारं गॉझ, मग कागदी पट्टी, मग मोजा. पहिल्या दिवसात तो पुन्हा भरला, तेव्हा रात्री आणि सकाळी परत तसंच केलं.

रक्ताने भरलेला काळपट-लाल फोड मात्र फोडू नये. तिथे खालच्या थरापर्यंत इजा पोचलेली असते.

झाकण आधीच निघून गेलं असेल तर ती उघडी जखम समजा. धुवा, मलम लावून ओलसर झाका. उघडी ठेवून सुकवली की खपली धरते आणि बुटात पुन्हा पुन्हा फुटते. हायड्रोकोलॉइडच्या जेलसारख्या पट्ट्या अशा जागेसाठी उत्तम, पण त्या फुटलेल्या, स्वच्छ जखमेवरच. पू असेल तर झाकायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. आणि "खाऱ्या पाण्यात पाय घाल, बरं होईल" हेही नको. समुद्राचं पाणी निर्जंतुक नसतं आणि त्याच्याबरोबर वाळूही येते.

एवढ्याशा फोडाला काय घाबरायचं, असं वाटत असेल तर १९२४ सालचं उदाहरण आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोज्यांशिवाय टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विष भिनलं आणि आठवडाभरात तो गेला. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला. आज प्रतिजैविकं आहेत, पण ती वेळेत सुरू व्हायला खुणा कळायला हव्यात: लाली फोडाच्या कडेबाहेर पसरणं, जागा गरम लागणं, पू, ठणका, पायावरून वर चढणारी लाल रेघ, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ, ताप. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर तेही विचारा.

पावसाळ्यात आणखी एक. सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, माहीत नाही असं घर नसेल. उंदरा-गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात, शेताच्या चिखलात येतात आणि फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. जुलैमध्ये धबधबा बघायला शेताच्या मेरेवरून (बांधावरून), चिखलातून जाणाऱ्याच्या पायाला फुटलेला फोड असेल तर ते उघडं दार आहे. जलरोधक पट्टी लावा, शक्य तर तो दिवस चालूच नका. त्यानंतर दोनेक आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना चिखलातून चाललो होतो हे आपण होऊन सांगा. त्यांना तेवढा धागा पुरतो. आणि बोटांच्या बेचक्यात पांढरट होऊन खाज येते, कातडी चिरते, त्या चिखल्या. तो फोड नाही, औषध वेगळं.

मधुमेहवाल्यांनी वरचं सुईचं प्रकरण वाचलंच नाही असं समजावं. पायाची जाणीव कमी झालेली असली की चुरचुर कळतच नाही, फोड येऊन फुटून गेलेला असतो आणि पत्ता नसतो. त्यांनी चालून आल्यावर तळवा आरशात बघावा, आणि फोड दिसला तर थेट दवाखाना.

शिमग्यात पालखीबरोबर अनवाणी चालणाऱ्यांचे फोड निराळे असतात. मार्चच्या दुपारी सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापतो. गावात राहणाऱ्यांच्या तळव्याला वर्षानुवर्षांचा घट्टा असतो. चाकरमान्यांचा तळवा वर्षभर मोज्यात असतो आणि कातळावर शंभर पावलांत भाजतो. हा फोड ओढाताणीचा नाही, भाजल्याचा आहे. त्यावर वीसेक मिनिटं साधं गार पाणी सोडायचं, बर्फ नाही, तेल नाही, आणि तो फोडायचा तर अजिबात नाही. भाचा यंदा पालखीला येतोय. परवा फोनवर विचारत होता, अनवाणी चालू का. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याका सांग, देवळात काढ, सड्यार घाल. देव काय चपला मोजूक बसाक नाय."